तापाची बाटली अन् गटाचा हप्ता

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू बोललास, "गावातल्या बायांना समजतच नाही बे, लेकरू तीन दिवस तापानं फणफणतं तेव्हा कुठं उठतात," आणि मी नुसतं हं हं केलं कारण काउंटरवर गिऱ्हाईक होतं. रात्री शटर ओढलं तरी तेच डोक्यात घुमून राहिलं, म्हणून लिहायला बसलो. लंबं होईल, मेट्रोत वाच.

तुझ्यावर राग नाही. मेडिकल टाकल्यापासून दहा वर्षं मीही हेच बोललो. "आधी काऊन नाही आणलं वं माय?" हे माझ्या तोंडून किती वेळा गेलं असेल त्याचा हिशोब नाही, आणि बोलताना आपण किती शहाणे असं वाटायचं, ते वेगळंच.

मागच्या महिन्यात तुझ्या पिल्लूला ताप आला तेव्हा वहिनीनं मोबाइलमध्ये लिहून ठेवलं होतं, 101, मग 101.4, मग 100.8, वेळेसकट. डॉक्टर व्हॉट्सॲपवर, वहिनीचं वर्क फ्रॉम होम, तू येताना औषध घेऊन आलास. छान केलं. पण आपल्या इकडं थर्मामीटर म्हणजे मायचा हात, आणि कापूस वेचणीच्या दिवसात तो हातही चालत नाही. बोंडाच्या टोकांनी बोटं चिरलेली असतात, चामडी खरखरीत झालेली, ताप कळत नाही, म्हणून बाया लेकराच्या कपाळाला आपला गाल लावून पाहतात. हे मी दुकानासमोर रोज पाहतो पण असं का करतात ते मला लय उशिरा कळलं.

आता छकुलीच्या मायचं सांगतो. गेल्या नोव्हेंबरची गोष्ट, पोरगी दीड वर्षाची. नवरा हिंगणघाटला जिनिंगवर, घरात सासू आणि मोठा पोरगा. मंगळवारी रात्री अंग तापलं. बुधवारी ही वेचणीला गेलीच, पोरीला बाभळीच्या झोळीत टाकून. आता तू म्हणशील बघ, हेच तर मी म्हणतो. थांब. वेचणीचे 10 रुपये किलो, चांगल्या दिवशी ती 40 किलो वेचते, त्या दिवशी दर थोड्या वेळानं झोळीकडं धावून 22 किलो झाले. शुक्रवारी बचत गटाच्या कर्जाचा 600 रुपये हप्ता. हप्ता चुकला तर बाकीच्या नऊ बाया तिच्या दारात बसतात, कारण एकीचं थकलं की सगळ्यांना भरावं लागते, ते लफडं तुला माहीत आहे.

पीएचसी, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र, फुकट आहे ना मग. आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी दवाखान्यात केस पेपरचेही पैसे नाहीत. पण आपल्या गावावरून 9 किलोमीटर, काळीपिवळीचे जाऊन येऊन 60, आणि सकाळच्या ओपीडीत नंबर लागून घरी यायला दोन वाजतात म्हणजे वेचणीचा दिवस गेला. संध्याकाळची ओपीडी असते तेव्हा ही वावरातच. फुकटचा दवाखाना तिला साडेचारशेला पडला. आणि तो गाडीवर येणारा डॉक्टर, ज्याची डिग्री कुणी पाहिली नाही, तो रात्री आठला दारात येतो, 100 रुपयात सुई टोचतो आणि पैसे बाजाराच्या दिवशी मजुरीचा चुकारा झाला की घेतो. त्या सुईत बहुतेक वेळा पेनकिलर नाहीतर स्टेरॉइड, ताप झटक्यात उतरतो आणि आतलं दुखणं झाकल्या जाते. मी त्याचा कट्टर विरोधक आहे. पण उधारी कोण देते? तो देतो, अन् मी देतो, बाकी कोणी नाही. त्या बुधवारी तो नेमका आला नाही, ते एक बरंच झालं म्हण.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता ती दुकानात आली, कडेवर पोरगी. "भाऊ, तापाची बाटली द्या, पैसे बाजाराच्या दिवशी देतो." मी बाटली काढतच होतो तर पोरीच्या नाकपुड्या फुलून राहिल्या दिसल्या. मोबाइलवर एक मिनिट लावून श्वास मोजले. 52. एक ते पाच वर्षांच्या लेकराचे मिनिटाला 40 किंवा जास्त झाले की निमोनियाचा संशय घ्यायचा. हे काही मोठं डॉक्टरी ज्ञान नाही, तिकडं गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं 1980 च्या दशकाच्या शेवटीच गावातल्या कमी शिकलेल्या माणसांना, सुइणींनासुद्धा, श्वास मोजून निमोनिया ओळखायला शिकवलं होतं.

म्हटलं चल, आत्ताच्या आत्ता पीएचसीले. आशाताई मीटिंगला तालुक्याला गेलेल्या, त्यांचा नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये, फोन नवऱ्याजवळ हिंगणघाटला. मी गाडी काढली तर मागून सासू आली, "रातच्याला परक्या माणसाच्या गाडीवर? लोकं काय म्हणतीन?" मला असा संताप आला ना. पण खरं सांगू, त्या म्हातारीचंही चुकलं नव्हतं, गावात त्या पोरीलाच राहायचं आहे, मला कोणी काही बोललं नसतं. शेवटी बायकोला उठवलं, स्कूटीवर आम्ही तिघं आणि मधात छकुली. पीएचसीवरून ॲम्ब्युलन्सनं सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, पाच रात्री भरती होती, ऑक्सिजन लागला, पोरगी बरी झाली.

आता बाईचा हिशोब बघ. पाच दिवसांची वेचणी, म्हणजे दोन हजार गेले. नवरा दोन दिवस सुट्टी टाकून आला, त्याची रोजी कापली. हप्ता चुकला तो दुसऱ्या गटातून काढून भरला, म्हणजे आता दोन गट. ती परत आल्यावर मला पहिल्यांदा काय म्हणाली माहीत आहे? "भाऊ, आधी आणलं असतं तर एका दिवसातच भागलं असतं ना." तिला माहीत होतं रे! बुधवारीही माहीत होतं.

आणि हे फक्त मजूर बायांचंच आहे असंही नाही. आपल्या गावात एक घर आहे, नाव नाही घेत, दारात ट्रॅक्टर, वीस एकर ओलीत. तिथली सून दुपारी मागच्या दारानं दुसऱ्याच्या पोट्ट्याला पाठवून तापाची बाटली मागवायची कारण सासरे झोपेतून उठून "बरं, न्या" म्हणत नाही तोवर पोराला डॉक्टरकडं नेता येत नाही, आणि हातात 50 रुपये नसायचे. 2024 ला लाडकी बहिणीचे 1500 तिच्या खात्यात यायला लागले तशी ती स्वतः येऊन घेऊन जाते, पैसे मोजून देते, उधारी नाही. डॉक्टरकडं अजूनही सासरे उठल्यावरच. एक गोष्ट काउंटरवरून नक्की दिसते, पोरगा तापला की बाप गाडी घेऊन येतो, पोरगी तापली की बहुतेक वेळा माय पायी येते.

बाटलीवरून आठवलं. तुझ्यासारख्याला वाटते तापाचं औषध म्हणजे तापाचं औषध. पॅरासिटामॉलचं सिरप पाच मिलीत 125 मिलिग्रामचं पण येते आणि 250 चं पण, नाव एकच, खोकं जवळपास सारखं. एका वेळेचा डोस किलोमागं 10 ते 15 मिलिग्राम. म्हणजे 10 किलोच्या लेकराला 125 वालं पाच मिली बरोबर, 250 वालं तेवढंच दिलं की दुप्पट. तीन वर्षांआधी 125 संपलं म्हणून मी एका बाईला 250 ची बाटली दिली, घाईत काही बोललो नाही, ती आपलं नेहमीच्या खुणेपर्यंत झाकण भरून दिवसातून तीनदा देत राहिली. दुसऱ्या दिवशी समजलं, पळत गेलो. काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप नव्हती. तेव्हापासून प्रत्येक झाकणावर पेनानं रेघ मारून देतो. बाया वाचत नाहीत, विचारतात "कुठलोक?" आणि रेघेवर नख दाबून बघतात.

गंमत म्हणजे ज्यांच्याजवळ बाटलीचेही पैसे नसतात त्या मोठ्यांची पॅरासिटामॉल 500 मिलिग्रामची एक गोळी नेतात, चुलीजवळ चाकूनं चार तुकडे करतात, एक तुकडा साखरपाण्यात. पाव म्हणजे 125. दहा किलोच्या लेकराला अगदी बरोबर! तुकडा कमी जास्त होतो ती गोष्ट वेगळी. काहीजणी मात्र निमेसुलाइड या ताप-दुखण्याच्या दुसऱ्या औषधाची गोळी अशीच अर्धी करून देतात, ते औषध 2011 पासून बारा वर्षांखालच्या लेकरांना बंद आहे, त्यावर मी भांडतो. आणि 2025 ला छिंदवाड्याकडच्या लेकरांचं ते कफ सिरपचं झालं, त्यातल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनानं किडन्या गेल्या, कितीतरी लेकरं आपल्या नागपूरलाच भरती होती, तेव्हापासून तर बाया बाटली हातात घेऊन विचारतात "हे ते तं नाही ना भाऊ?" यांना काही समजत नाही म्हणतोस.

असो. पोळ्याला येशील तेव्हा दहा-बारा डिजिटल थर्मामीटर घेऊन ये, तिकडं ठोकमध्ये स्वस्त मिळतील, मी इथं बायांना दोन-दोन दिवसांसाठी फिरते देणार आहे, सेल इकडं मिळतात. पैसे आल्यावर देतो, उधारीच समज. अन् पिल्लूचा खोकला राहिला का ते कळव, वहिनीला नमस्कार.

तुझाच,
मेडिकलवाला