माल देणाऱ्याने बिल टाकलं नाही, टॅक्स मी का भरायचा?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आम्हाला सांगितलं होतं की माल घेताना दिलेला टॅक्स वजा करायचा आणि उरलेलाच भरायचा. पद्धत चांगलीच आहे, मी आजही तिच्या विरोधात नाही. पण हे वजा करणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही, ते समोरचा कधी रिटर्न भरतो त्यावर गेलंय.

माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. एप्रिलमध्ये एका सप्लायरकडून एक लाखाच्या वायर आणि स्विच घेतले, वर १८ टक्क्यांनी १८ हजार टॅक्स, सगळे पैसे बँकेतून गेले, बिल पक्कं, जीएसटी नंबर, एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा नंबर) सगळं बरोबर. १४ मेला सीएंच्या ऑफिसमधल्या मुलाने जीएसटी पोर्टलवरचं २बी, म्हणजे सप्लायरांनी माझ्या नावावर टाकलेल्या बिलांची यादी, उघडलं तर त्यात ते बिलच नाही. फोन केला तर सप्लायर म्हणाले, अहो आमचं रिटर्न तीन महिन्यांनी असतं, जुलैत दिसेल तुम्हाला. ५ कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना ही तिमाही सोय आहे, तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत टाकता येतात पण टाकलीच पाहिजेत असं नाही. म्हणजे ते नियमानेच वागले, त्यांना काय बोलणार. माझं ३बी, म्हणजे टॅक्स भरायचं महिन्याचं रिटर्न, मात्र २० तारखेला, त्यामुळे ते १८ हजार वजा न करताच भरावे लागले, तेही ओव्हरड्राफ्टमधून काढून.

आधी असं नव्हतं. हातात बिल असलं की क्रेडिट, म्हणजे ही वजावट, घेता यायचं. मग ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम आला की पोर्टलवर दिसतंय त्याच्या वर फक्त २० टक्के, जानेवारी २०२० पासून १०, पुढच्या जानेवारीपासून ५ आणि १ जानेवारी २०२२ पासून काहीच नाही. बोगस बिलं फाडून क्रेडिट लाटणारे होते, त्यांना आळा घालायलाच हवा होता, हे मान्य. पण मी पैसे बँकेतून दिलेत, माल गोडाऊनमध्ये पडलाय, मी बोगस कसा?

आणि यात मार बसतो तो लहान सप्लायरलाच. आता मी ऑर्डर देण्याआधी विचारतो, रिटर्न महिन्याला भरता का? नाही म्हणाले की दुसरीकडे जातो. त्या जुन्या सप्लायरकडून माल घेणं बंद केलं, वाईट वाटलं, पण दर महिन्याला व्याज भरणं मला परवडत नाही. लहानांसाठी दिलेली सोय त्यांचंच गिऱ्हाईक तोडतेय हे कुणाच्या लक्षात येतंय का?

जीएसटी कौन्सिलने निदान बँकेतून पैसे गेलेल्या बिलांचं क्रेडिट त्याच महिन्यात द्यावं. पुढेही सप्लायरने बिल टाकलंच नाही, तर त्याचा जीएसटी नंबर बिलावर आहेच, आधी त्याच्याकडून वसूल करा, तिथे नाहीच मिळालं तर मग माझ्याकडे या.

आपला,
एक दुकानदार वाचक