आधी कायदा वाच

चि. सुजाता,
सप्रेम जय भीम.

म्यानमारसारख्या बौद्ध देशात राखाईन प्रांतातल्या रोहिंग्या मुस्लिमांना लष्कराने मारून हाकललं, असं कसं झालं, हा तुझा प्रश्न आपल्या घरात टोचणारच. म्यानमारमध्ये भिक्खूंच्या काही संघटनांनी द्वेष पेरला, ते झाकायचं नाही. पण लष्कराचं दान नको म्हणून 2007 मध्ये भिक्षापात्रं पालथी धरणारेही भिक्खूच होते. आणि लष्कराने बौद्ध शान आणि राखाईन लोकांचीही गावं जाळली आहेत. म्हणून आधी कायदा वाच.

1982 चा नागरिकत्व कायदा 1823 पूर्वीपासून तिथे असलेल्या जमातींनाच मूळच्या मानतो, म्हणजे इंग्रजांनी आराकान (आजचं राखाईन) घेण्याआधीच्या. सरकारी यादीत अशा 135 आहेत, रोहिंग्या नाहीत. बाकीच्यांनी पूर्वजांचे कागद दाखवायचे. आपल्याकडे जात पडताळणीला 1950 पूर्वीचा पुरावा मागतात, तर शाळांची जुनी रजिस्टरं धुंडाळावी लागतात. मग त्या रोहिंग्या शेतकऱ्यांनी काय करावं? उरलं तात्पुरतं पांढरं कार्ड. त्यावर 2010 मध्ये मत देता आलं. 2015 मध्ये ते रद्द झालं, मतही गेलं. 2017 मध्ये सात लाखांहून जास्त माणसं बांगलादेशात पळाली, तेव्हा त्यांना ‘घुसखोर’ म्हणायची सोय कागदावर आधीच झालेली होती.

तिथेच न्याय का मिळत नाही, ते 2008 च्या राज्यघटनेत बघ. संसदेच्या 25 टक्के जागा लष्कराच्या, आणि महत्त्वाची कलमं बदलायला 75 टक्क्यांहून जास्त मतं लागतात. निवडून आलेले सगळे एक झाले तरी एक वर्दीवाला हवाच! सैनिकांचे खटलेही लष्कराच्याच हाती, अखेरचा शब्द सरसेनापतीचा. राखाईनमधल्या इन दिन गावात 2017 मध्ये दहा रोहिंग्यांना मारलं. सात सैनिकांना 10 वर्षांची शिक्षा झाली, वर्षभराच्या आत ते सुटले. ती हत्या उघड करणारे दोन पत्रकार मात्र 500 हून जास्त दिवस तुरुंगात होते.

म्हणून प्रकरण नेदरलँड्समधल्या हेगला गेलं. मूट कोर्टला (सरावाच्या खटल्याला) हा विषय घेशील तर तिथली दोन न्यायालयं एकमेकांत मिसळू नकोस. गांबियाने 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात वंशसंहाराचा दावा लावला, तो म्यानमार या देशाविरुद्ध. व्यक्तींवरचे गुन्हे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे. म्यानमार त्याचा सदस्य नाही, बांगलादेश आहे. हद्दपारीचा गुन्हा सीमा ओलांडल्यावर पुरा होतो, म्हणून त्याला अधिकार मिळाला. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या अभियोक्त्याने (सरकारी वकिलासारख्या अधिकाऱ्याने) तेव्हाचे सरसेनापती मिन आँग ह्लाईंग यांच्याविरुद्ध वॉरंट मागितलं.

गांबियाच्या दाव्यातल्या 23 जानेवारी 2020 च्या अंतरिम आदेशातला पुरावे जपण्याचा भाग नीट वाच. जळालेल्या गावांवर तोवर बुलडोझर फिरले होते.

तुझे,
बाबा