तक्रार: फॉर्मच्या लेबलांत व शीर्षकांत विशेष चिन्हे चुकीची दिसणे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: "लेबलांत चिन्हे टाळा" हे उत्तर देऊन बंद केलेली तक्रार पुन्हा उघडण्याबाबत

महोदय,

आपल्या विंडोजवरील डेटाबेसच्या टेबलांत °, ², ≤, & ही चिन्हे नीट साठवली जातात आणि नीट दिसतात. बिघडतात ती फक्त लेबले आणि शीर्षके. चिन्हे टाळा म्हणजे "क्षेत्रफळ (मी²)" ऐवजी "मी२" लिहा असेच ना? तसे एककच नाही.

सर्वांत जास्त वेळ & खातो. लेबलातला & ही शॉर्टकट कीची खूण समजून गिळला जातो आणि पुढच्या अक्षराखाली रेघ येते. "आवक & जावक" लिहिले की रेघ मोकळ्या जागेखाली पडते आणि "आवक _जावक" दिसते. && असे दोनदा लिहिले की एक दिसतो, हे माहीत आहे. पण तेच कॅप्शन (फील्डचे दिसणारे नाव) टेबलाच्या रचनेत दिले तर फॉर्मच्या लेबलात एक & आणि तक्त्याच्या स्तंभशीर्षकात दोन दिसतात, कारण तिथे शॉर्टकटचा अर्थ लावलाच जात नाही. खिडकीच्या शीर्षकपट्टीतही तेच. एकच मजकूर तिन्ही ठिकाणी बरोबर दिसेल असे लिहिण्याची सोयच नाही. शीर्षक टेबलातून वाचून लेबलात भरायचे असेल तर प्रत्येक वेळी रिप्लेस फंक्शनने & चे && करावे लागते; नाहीतर टेक्स्ट बॉक्स लॉक करून त्यालाच शीर्षक म्हणून वापरावे लागते. ज्या लेबलाला फील्ड जोडलेलेच नाही, त्याला शॉर्टकट की हवी कशाला?

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. आपली कोड लिहिण्याची खिडकी युनिकोड (सर्व लिप्यांची अक्षरे व चिन्हे सामावणारी पद्धत) धरत नाही. कोडपेज १२५२ (विंडोजचा पश्चिम युरोपीय भाषांपुरता अक्षरसंच) असलेल्या यंत्रावर तिथे मराठी मजकूर चिकटवला की प्रश्नचिन्हे होतात. ते निदान डोळ्यांना दिसते. पण ≤ चिकटवले की गुपचूप = होते. "दाब ≤ १०" चे "दाब = १०" झाले आणि कोणतीही सूचना नाही! सध्या युनिकोड क्रमांकावरून अक्षर देणाऱ्या सीएचआर-डब्ल्यू फंक्शनला ८८०४ हा ≤ चा क्रमांक देऊन हे चिन्ह आणावे लागते. साधे सीएचआर इथे चालत नाही. ते २५५ पर्यंतच जाते, शिवाय १७८ ला ² मिळेल की दुसरेच काही, हे यंत्राच्या कोडपेजवर ठरते.

वेब फॉर्ममध्ये ° च्या आधी टोपीवाला रोमन ए येतो. पान युटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) आहे, त्यात ° चे दोन बाइट (१९४, १७६) होतात, आणि आपला सर्व्हर हेडरमध्ये (पानाआधी ब्राउझरला पाठवलेल्या माहितीत) कोडपेज १२५२ सांगतो. पानात अक्षरसंच सांगणारा मेटा टॅग घालून उपयोग नाही, हेडरचेच चालते.

मागण्या: लेबलाच्या गुणधर्मांत "& चा शॉर्टकट अर्थ बंद" असा पर्याय द्यावा. चिकटवलेले चिन्ह बदलले जाणार असेल तर सूचना दाखवावी. हेडर दुरुस्त करावे. हे एका ओळीचे काम आहे. पहिल्या मागणीला वेळ लागणार असेल तर तोपर्यंत && चा नियम, आणि तो कुठे लागू नाही हेही, मदतपुस्तिकेत लिहावे.

तिन्ही दोष दाखवणारी रिकामी नमुना फाइल सोबत जोडली आहे.

कळावे,
आपले परवानाधारक ग्राहक