कोरोनातले ते नियम आणि तुझा राग

सोलापूर

प्रिय मल्लू,

परवा फोनवर तू म्हणलास ना, की कोरोनातले ते बॉर्डरचे सगळे नियम म्हणजे नुसता छळ होता, त्यातला एक पण कामाचा नव्हता, ते काही डोक्यातून जाईना बघ. तेव्हा मी बोललो नाही कारण अप्पांचा विषय निघाला की तुझा आवाज बदलतो आणि मला पण पुढं सुचत नाही. म्हणून लिहायला बसलो. मोठं होणार आहे, निवांत वाच, एका दमात नाही झालं तरी चालतंय.

निम्मं तुझं बरोबर आहे बे. पण निम्मं नाही. आणि हे मी उगं वाद घालायला म्हणत नाही, त्या दोन वर्षात मी सात रस्त्याच्या दुकानात हेच करत बसलो होतो. शाळा कॉलेज बंद, म्हणजे झेरॉक्सचा धंदा बसलेला, आणि दारात कोण तर शारजाला एसी मेकॅनिक असलेला, मस्कतला ड्रायव्हर असलेला, नाहीतर ज्याच्या पोरीला इंग्लंडचं अॅडमिशन मिळालंय असा बाप. सगळ्यांच्या हातात पासपोर्ट आणि मोबाईलमध्ये एअरलाईनचा तो इंग्रजी मेसेज, आणि विचारायचं एकच, भाऊ आता काय लागतंय? मी रोज सकाळी दुकान उघडलं की आधी कुठल्या देशानं रात्रीतून काय बदललं ते बघायचो, मग शटर पूर्ण वर.

आधी बरोबर काय होतं ते सांगतो. टेस्ट करून या, हे बरोबर होतं. आल्यावर काही दिवस वेगळं राहा, हे पण बरोबर होतं. तू म्हणतोस निगेटिव्ह रिपोर्ट असताना परत आठ दिवसांनी टेस्ट कशाला, पैसे काढायला का? नाही रे. विषाणू अंगात शिरल्यावर पहिले काही दिवस टेस्टमध्ये सापडतच नाही, लक्षणं दिसायला काही जणांना 14 दिवस लागू शकतात, म्हणून ते 14 दिवस आले आणि म्हणून विमानतळावरचा निगेटिव्ह कागद एकटा पुरत नव्हता. न्यूझीलंडनं मार्च 2020 मध्ये दारं लावली, येणाऱ्या प्रत्येकाला 14 दिवस सरकारी देखरेखीत हॉटेलात ठेवलं, आणि 2020 संपताना त्यांच्या अख्ख्या देशात कोरोनानं गेलेली माणसं होती 25. पंचवीस, मल्लू. आपल्याकडं एप्रिल 2021 मध्ये काय चाललं होतं ते तू तिथून फोनवर ऐकत होतास, मी इथं बघत होतो, सिव्हिलच्या बाहेर ऑक्सिजनसाठी लोक कसे पळत होते ते बघितलेला माणूस नियमच नकोत असं कधीच म्हणणार नाही. मी तरी म्हणणार नाही.

मार्च 2020 ला आपल्याकडं परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायला लागले, मतदानाची असते ती शाई, पुसत नाही. आमच्या गल्लीत दुबईवरून एक पोरगा आलता, त्याच्या हातावरचा शिक्का बघून लोकांनी त्याच्या आईला दूध द्यायचं बंद केलं. म्हणजे नियम बरोबर होता आणि माणसं चुकली, असं पण झालं. ते पण लिहिलं पाहिजे.

आता तुझं जे निम्मं बरोबर आहे ते. माझा राग दोन गोष्टींवर आहे, एक म्हणजे घड्याळ आणि दुसरी म्हणजे देशाच्या नावावर लावलेली कुलपं.

घड्याळाचं बघ. भारतात यायला प्रवासाच्या आधी 72 तासांच्या आतली आरटीपीसीआर, यूएईला जायला 48 तासांच्या आतली, आणि हे तास मोजायचे रिपोर्ट आल्यापासून नाही, नाकात काडी घातल्यापासून. वर मुंबई विमानतळावर रॅपिड पीसीआर, आधी उड्डाणाच्या 4 तासांच्या आत आणि मग 6 तासांच्या आत. मुंबईत राहणाऱ्याला हे जमतंय. सोलापूरच्या माणसानं काय करायचं सांग. सकाळी स्वॅब दिला, रिपोर्ट यायला एक दिवस, कधी दीड, रेल्वे कधी चालू कधी बंद, म्हणून गाडी करून रात्रभर मुंबई, तिथं त्या रॅपिड टेस्टच्या लाईनसाठी तासन् तास आधी हजर, आणि विमान लेट झालं की सगळा हिशोब गेला. मग लोक काय करायचे, दोन दिवस आधीच मुंबईला जायचे, लॉजवर राहायचे, तिथंच टेस्ट. टेस्टचा दर सुरुवातीला 4500 पर्यंत होता, तो आपल्याकडं उतरत उतरत मार्च 2021 ला 500 वर आला, पण लॉज आणि गाडीचा दर कोण उतरवणार? विडी वळणाऱ्या आईनं सोनं गहाण ठेवून पोराला पाठवलेलं मी बघितलंय. टेस्ट पाहिजेच होती, पण ती ठरवताना विमानतळापासून चारशे किलोमीटरवर पण माणूस राहतो हे कुणाच्या डोक्यात आलं नसणार असं मला तेव्हा पण वाटायचं आणि आज पण वाटतंय.

आणि कागद! शारजावाल्याच्या रिपोर्टवर क्यूआर कोड पाहिजे, तो स्कॅन केला की लॅबचा मूळ रिपोर्ट उघडला पाहिजे, इथल्या छोट्या लॅबला ते जमायला वेळ लागला. कोविनच्या सर्टिफिकेटवर नाव आधारसारखं आणि पासपोर्टवर वडलांचं नाव मध्ये घालून वेगळं, दुरुस्ती एकदाच करता येणार, म्हणून मी त्या बटणावर बोट ठेवायच्या आधी समोरच्याला स्पेलिंग तीन तीनदा वाचायला लावायचो. आपल्या सर्टिफिकेटवर आधी जन्माचं नुसतं वर्ष होतं, पूर्ण तारीख यायला सप्टेंबर 2021 संपत आला. कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर मे मध्ये 12 ते 16 आठवडे केलं, आणि शिकायला जाणाऱ्या पोरांची विमानं ऑगस्टमध्ये. मग जूनमध्ये शिकायला, नोकरीला आणि टोकियो ऑलिम्पिकला जाणाऱ्यांसाठी 28 दिवसांनंतर दुसरा डोस चालेल असं काढलं, ते मात्र चांगलं केलं, मनापासून सांगतो. त्या आठवड्यात दुकानात अॅडमिशन लेटरच्या प्रिंटा काढून काढून टोनर संपला, पण पोरं वेळेत गेली.

आता कुलपं. सप्टेंबर 2021 ला यूकेनं सांगितलं की भारतात कोविशिल्ड घेतलेला माणूस लस घेतलेला धरणार नाही, 10 दिवस क्वारंटाईन. कोविशिल्ड म्हणजे काय, ऑक्सफर्डचीच लस, आपल्या पुण्यात सीरमनं बनवलेली, आणि त्याच सीरमकडून यूकेनं स्वतःच्या लोकांसाठी 50 लाख डोस नेले होते की! मग आपण पण 4 ऑक्टोबरपासून त्यांच्या लोकांना 10 दिवस लावले, आणि 11 ऑक्टोबरपासून त्यांनी त्यांचा नियम काढला. आठवड्यात सुटलं, म्हणजे त्यात शास्त्र किती होतं तूच बघ. कोव्हॅक्सिनवाल्यांचे हाल तर त्याहून वाईट, डब्ल्यूएचओची मान्यता आली 3 नोव्हेंबर 2021 ला, तोपर्यंत दोन्ही डोस घेतलेली माणसं बऱ्याच देशांच्या हिशोबात बिनलसीची.

आणि ओमिक्रॉन आठव. 24 नोव्हेंबर 2021 ला दक्षिण आफ्रिकेनं प्रामाणिकपणे जगाला कळवलं की नवीन प्रकार दिसतोय, दोन दिवसात त्यांच्यावरच दारं बंद. नंतर नेदरलँड्सला त्यांच्याच 19 आणि 23 तारखेच्या नमुन्यात तो सापडला, म्हणजे कळवायच्या आधीच तो युरोपात पोचलेला. डब्ल्यूएचओ पण तेव्हा सांगत होतं की सरसकट बंदीनं पसरायचं थांबत नाही. हा फरक मला तुला सांगायचाय बघ. टेस्ट कर, लस घे, वेगळा राहा, हे सांगणारा नियम माणसाला पार करता येतो, त्रास होतो पण वाट असते. तू या देशातून आलास म्हणून नाही, हे सांगणारा नियम पार करताच येत नाही. तुझा राग ह्या दुसऱ्यावर आहे आणि तू तो सगळ्यांवर काढलास.

आता अप्पांचं. हे मला फोनवर कधी जमलं नसतं.

अप्पा गेले त्या रात्री कॅनडातून तुझा फोन येऊन गेल्यावर मी दुकानात जाऊन कॉम्प्युटर चालू केला. कॅनडानं 22 एप्रिल 2021 ला भारतातून येणारी विमानं 30 दिवसांसाठी बंद केली होती, मग मुदत वाढत गेली, आणि ती उघडली थेट 27 सप्टेंबरला. तुला यायला अडचण नव्हती असं लोक म्हणतात ते अर्धवट आहे. यायला दोहावरून वाट होती. पण परत जायला कुठल्यातरी तिसऱ्या देशात जाऊन तिथली टेस्ट घ्यायची, ती निगेटिव्ह आली तर पुढं, लोक मेक्सिकोपर्यंत फिरून जात होते, आणि विमानानं उतरल्यावर तिथल्या सरकारनं ठरवलेल्या हॉटेलात स्वतःच्या खर्चानं तीन रात्री. सुमाचे दिवस भरत आले होते, तुझी पीआरची, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवानगीची फाईल अडकलेली. भारताचा नियम पण मी उघडून वाचला. घरात कोणी गेलं असेल तर टेस्टच्या रिपोर्टमधून सूट होती, पण त्या सवलतीसाठी अर्ज विमानात बसायच्या 72 तास आधी करायचा! मी ती ओळ परत परत वाचली. आपल्यात माती द्यायला किती वेळ थांबतात, मल्लू? आणि त्या मे महिन्यात, 20 माणसांची परवानगी असताना, कुठल्या घरी कोण थांबलं असतं?

म्हणजे तू निघाला असतास तरी रुद्रभूमीत पोचला नसतास. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, कागद बघून सांगतोय. काकी अजून कधीतरी म्हणतात की मल्लू निघाला असता तर, आणि धाकटे काका तर चारचौघात बोलून दाखवतात. काकांना मागच्या महिन्यात मी हे सगळं बसून समजावलं, तारखांसकट. ऐकून गप्प बसले. काकींना तू स्वतः सांग, माझ्याकडून नको, तुझ्याकडून ऐकायचंय त्यांना.

सप्टेंबर संपताना विमानं उघडल्यावर पण काय होतं, आठवतंय? दिल्ली विमानतळावरच्या एकाच ठरलेल्या लॅबचा रिपोर्ट, उड्डाणाच्या 18 तासांच्या आतला. सोलापूरच्या पोरानं कॅनडाला जायला आधी दिल्लीला जाऊन तास मोजत बसायचं. ह्या असल्या गोष्टींवर तू कितीपण चीड, मी तुझ्या बाजूनं आहे.

पण सगळ्या देशांना मिळून नीट नियम करणं जमतंच नाही असं पण नाही रे. माझा भाचा आता युगांडाला चाललाय, साखर कारखान्यात नोकरी लागली. त्याला यलो फीव्हरची लस लागते, मुंबईला जाऊन घेतली, ते पिवळं पुस्तक मिळालं. जायच्या 10 दिवस आधी घ्यायची, 2016 पासून एकदा घेतली की जन्मभर चालते, एकच छापील नमुना सगळ्या देशात चालतो, कुठली कंपनी म्हणून कोण विचारत नाही, डब्ल्यूएचओनं मान्य केलेली असली की झालं. आणि परत येताना ते पुस्तक नसेल तर आपलं सरकार 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवतं, हे पण आधीपासून ठरलेलं, रात्रीतून बदलत नाही. एवढं साधं कोरोनाच्या लसीला जगानं मिळून का केलं नाही? युरोपनं 1 जुलै 2021 पासून आपापल्यात एक सर्टिफिकेट केलं, पण त्यांच्या यादीत सुरुवातीला आपली कोविशिल्ड नव्हती, काही देशांनी मग वेगळी मान्यता दिली. पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ येणारच, आधी हे ठरवून ठेवायला पाहिजे की लस एकदा मान्य झाली की कुठं बनली ते विचारायचं नाही, आणि टेस्टचे तास लांबच्या गावाला धरून ठरवायचे. मी इथल्या खासदारांच्या ऑफिसला पत्र देणार आहे, मराठीतच. तू तिथं राहून जे सोसलंस ते मला दोन पानं लिहून पाठव, तारखा असतील तर तारखांसकट, मी जोडतो.

सुमाला आणि पोरीला विचारलंय म्हणून सांग. डिसेंबरचं तिकीट काढलंस की कळव, मुंबईला दुपारपर्यंत उतरलास तर सीएसएमटीवरनं चारच्या वंदे भारतनं रात्री अकराच्या आत घरी येतोस, मी गाडी घेऊन स्टेशनला असतो. काकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टर जानेवारीत म्हणतायत, त्याचे कागद आणि मेडिक्लेमचा फॉर्म मी करून ठेवतो, तुझी सही तेवढी लागेल.

तुझा,
दत्ता