पंचगंगेत काय जगतंय ते नोंदवू या : मदतीचं आवाहन

पंचगंगेत मेलेले मासे तरंगू लागले की पुलावर गर्दी होते, फोटो निघतात, पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या जातात. चार दिवसांनी सगळं शांत. पण त्याआधी नदीत कोणकोणते मासे नांदत होते, याची ताजी नोंद आपल्या हाती नसते. मग गेलं काय, हे कशावरून सांगायचं? ही नोंद करायचं आमच्या मंडळाने ठरवलं आहे.

मासा असो, बेडूक असो की पाणमांजर, पाण्यात वावरणारा प्रत्येक जीव खवले, बुळबुळीत स्राव, विष्ठा यांतून आपल्या डीएनएचे अंश पाण्यात सोडत असतो. लिटर-दोन लिटर पाणी अगदी बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळायचं आणि ती गाळणी अल्कोहोलमध्ये बुडवून, थंड पेटीतून प्रयोगशाळेत पोचवायची. तिथे ते अंश वाचून माहीत असलेल्या जातींच्या डीएनएच्या सूचीशी ताडून बघतात. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ओडिशातल्या चिलिका सरोवरात याच मार्गाने जीवसृष्टी तपासली आहे. मासे किती आहेत हे यातून नेमकं कळत नाही, कोणते आहेत ते कळतं.

काम नाजूक आहे. मासळी बाजारातलं धुणं नदीत मिसळत असेल, तर बांगडासुद्धा पंचगंगेत असल्याचं दिसेल! म्हणून जागा विचार करून निवडायच्या, हातमोजे दर ठिकाणी बदलायचे आणि शुद्ध पाण्याची एक बाटली सोबत नेऊन तीही तशीच गाळायची, म्हणजे आपल्याच हातून काही मिसळलं असेल तर पकडता येतं. खाडीत भरती-ओहोटी बघून नमुना घेतात. आपल्या नदीला भरती नाही, पण बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, आहेत. ते घातले की पाणी तुंबतं, काढले की डीएनए वाहत खाली जातो. पावसाळ्यात गढूळ पाण्याने गाळणी लगेच बुजते. त्यामुळे एक फेरी दिवाळीनंतर आणि दुसरी उन्हाळ्यात, चिखलीच्या प्रयाग संगमापासून नृसिंहवाडीपर्यंत.

सगळ्यात मोठा खर्च प्रयोगशाळेच्या तपासणीचा आहे. त्यासाठी जमेल ती रक्कम द्या. प्रत्येकाला पावती मिळेल आणि हिशेब घाटावर फलकावर लावू. दुधाच्या थंड पेट्या, एखादी गाडी, नदीकाठच्या गावात नमुने ठेवायला फ्रीजर, हेही हवंय. कॉलेजच्या मुलामुलींनी हाताशी यावं, शिकवू आम्ही.

भोई बांधवांना वेगळी विनंती आहे. ज्या माशाचा डीएनए सूचीत नाही, तो पाण्यात असूनही यंत्राला ओळखता येत नाही. तुम्ही मात्र वाम, मरळ, चिलापी अंधारातही हाताने ओळखता. जाळ्यात वेगळा मासा आला तर त्याचं तुमच्याकडचं नाव सांगा आणि शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून घेऊ द्या. आधी कुठल्या डोहात काय मिळायचं, तेही लिहून घ्यायचं आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही पंचगंगा घाटावर वही घेऊन बसतोय. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत आणा.