दिवाळीनंतरच्या मॉरिशसच्या प्रवासाविषयी

रत्नागिरी

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

भाताच्या लावणीला आम्ही हेदवीला आलो होतो तेव्हा मॉरिशसचा विषय निघाला आणि बाबा, तुम्ही "एवढी लहान मुले घेऊन परदेशात कशाला, आणि त्यात आम्हाला कशाला गुंतवता?" असे म्हणून तो तिथेच मिटवलात. त्यानंतर फोनवर मी पुन्हा सांगायला लागले की आई रेवाच्या खोकल्याची चौकशी सुरू करते आणि बोलणे भलतीकडे जाते. म्हणून सगळे सविस्तर लिहून पाठवत आहे. भाऊबीज झाल्यावर आठवडाभरासाठी आम्ही चौघे जाणार हे नक्की आहे. तुम्ही दोघांनी आमच्याबरोबर यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि ती मुलांकडे बघायला माणूस हवे म्हणून मुळीच नाही. ईशान आज सात वर्षांचा आहे, रेवा चार वर्षांची. या वयात ती दोघे आजोबांचे बोट धरून दिवसभर चालतील, आणि तुम्हीही आज त्यांच्याबरोबर चालू शकता. पाच-सहा वर्षांनी यांपैकी काय उरेल हे मला सांगता येत नाही, म्हणून मला हा प्रवास आताच करायचा आहे.

मॉरिशसच का, हे आधी सांगते. आमच्या ओळखीतले बहुतेक लोक मुलांना घेऊन दुबईला किंवा सिंगापूरला जातात, आणि तेही सहल कंपनीच्या गटाबरोबर, जिथे पहाटे उठून बसमध्ये बसायचे आणि रात्री परत यायचे. चार वर्षांच्या मुलीला आणि सत्तरीच्या माणसाला अशी धावपळ करायला लावणे मला पटत नाही. मॉरिशसचे मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव भागाहूनही लहान. त्यामुळे एकाच घरात मुक्काम ठेवून सकाळी कुठेतरी जाऊन यायचे आणि दुपारी जेवून झोपायचे, असे सहज जमते. मुंबईहून थेट विमान आहे आणि सहा-सात तासांत पोहोचवते. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे आहे, त्यामुळे मुलांच्या झोपेचे आणि बाबांच्या गोळ्यांचे वेळापत्रक फारसे बिघडणार नाही. लहान मुलांच्या प्रवासात झोप हीच मुख्य गोष्ट असते. ती बिघडली की पुढचे सगळे बिघडते, हे आई, तू मला कितीदा सांगितले आहेस.

दुसरे कारण समुद्राचे आहे. आपला समुद्र मुलांना रोज दिसतो, पण त्यात मनासारखे खेळायला आपण त्यांना सोडू शकत नाही. गणपतीपुळ्याला दरवर्षी काय घडते ते आपण वाचतोच. मॉरिशसच्या भोवती प्रवाळांचे जवळजवळ सलग कडे आहे. मोठ्या लाटा त्या कड्यावर फुटतात आणि किनाऱ्याकडचे पाणी उथळ आणि संथ राहते. वायव्येकडच्या त्रू-ओ-बिशच्या किनाऱ्याजवळ आम्ही घर बघत आहोत ते याच कारणासाठी. तरीही मुलांना रबरी बूट घातल्याशिवाय पाण्यात उतरवायचे नाही, कारण प्रवाळाने पाय कापतो आणि समुद्री साळिंदराचे काटे रुततात. दक्षिणेला ग्री-ग्री नावाच्या जागी मात्र ते कडे तुटलेले आहे आणि समुद्र थेट खडकावर येऊन आदळतो. आपल्या हेदवीच्या खडकातली बामणघळ भरतीला जशी घुमते तसा तोही किनारा लांबूनच बघायचा. बाबा, ती जागा तुम्हाला आवडेल असे मला खात्रीने वाटते.

आता सगळ्यात महत्त्वाचे कारण. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसे हिंदुस्थानातून गिरमिटावर, म्हणजे मुदतीच्या मजुरीच्या करारावर, मॉरिशसच्या बंदरात उतरली. काही तिथून पुढे दुसऱ्या वसाहतींत गेली, पण बरीचशी तिथल्या उसाच्या मळ्यांत राहिली. त्यांतली पुष्कळशी बिहारकडची होती, पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची आणि घाटावरची मराठी माणसेही होती. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरवली जात, तो आप्रवासी घाट आजही आहे आणि २००६ साली युनेस्कोने तो जागतिक वारशाच्या यादीत घेतला. बोटीतून उतरलेली माणसे तिथल्या ज्या पायऱ्या चढून वर गेली, त्या पायऱ्या बघता येतात. त्या माणसांचे वंशज आज घरी बहुधा क्रिओल ही तिथली बोली बोलतात, पण शाळेत मराठी शिकण्याची सोय तिथे आहे, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, आणि तिथली मराठी मंडळी सणाला झाकरी नाचतात. बाबा, ही झाकरी म्हणजे आपली जाखडीच. पायांत चाळ बांधून, मधे ढोलकी घेऊन, गोल धरून नाचण्याची जी रीत तुम्ही वाडीतल्या पोरांना शिकवलीत, तीच रीत त्या काळी बोटीत बसून समुद्रापलीकडे गेली आणि तिथे टिकली. हे मी पुस्तकात वाचून ईशानला सांगितले तर त्याला ती गोष्ट वाटेल. त्या पायऱ्यांवर त्याच्या शेजारी उभे राहून तुम्ही सांगितलेत तर तो ते जन्मभर विसरणार नाही. तुम्ही बरोबर असावे असे मला वाटते ते यासाठी.

मुलांसाठीही पुष्कळ आहे. वेळासला कासवाची पिल्ले समुद्रात जाताना बघितल्यापासून ईशान कासवांबद्दल सतत विचारत असतो. मॉरिशसला ला व्हॅनिल नावाच्या उद्यानात जमिनीवरची महाकाय कासवे मोकळी फिरतात आणि मुलांना त्यांच्यामधून चालता येते. पाँप्लमूसच्या बागेत परातीएवढ्या, किंबहुना त्याहून मोठ्या पानांचे जलकमळ आहे, आणि ताडाच्या जातीचे एक झाड आहे जे कित्येक दशके वाढून एकदाच फुलते आणि मग मरते. डोडो हा न उडणारा पक्षी फक्त याच बेटावर होता आणि डच लोक आल्यावर शंभर वर्षांच्या आत तो नाहीसा झाला. त्याचा सांगाडा पोर्ट लुईच्या संग्रहालयात आहे. आई, गंगा तलावही करू. डोंगरावर ज्वालामुखीच्या मुखातले तळे आहे, काठाला शंकराचे देऊळ आहे, आणि हवा गार असते म्हणून शाल लागेल. शामारेलची सात रंगांची माती बघायला सगळे जातात, पण रस्ता वळणांचा आहे आणि रेवाला गाडी लागते, तेव्हा ती आम्ही सोडून दिली आहे.

तुमच्या अडचणी मी मोजल्या नाहीत असे समजू नका. तोपर्यंत भात झोडून घरात आलेले असेल, पण वाडीचे शिंपणे त्याच सुमारास सुरू होते हे मला ठाऊक आहे. शेजारच्या काकांच्या मुलाशी मी बोलले आहे. पंप लावणे, पाटाचे पाणी फिरवणे आणि देवापुढे दिवा लावणे ही तिन्ही कामे तो मनावर घेऊन करील. आईच्या गुडघ्यांसाठी विमानतळावर चाकाची खुर्ची आधी सांगून ठेवता येते. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवायच्या. प्रवासाच्या विम्यात हा आजार स्पष्ट लिहून द्यायचा, मग हप्ता वाढला तरी चालेल, कारण लपवलेल्या आजाराचा खर्च कंपनी नाकारते. विमान उतरताना मुलांचे कान दुखतात तेव्हा त्यांना घोट घोट पाणी पाजत राहायचे, हे मुलांच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. तापाचे औषध वजनाप्रमाणे किती द्यायचे तेही त्यांच्याकडून लिहून घेणार आहे. घराला स्वयंपाकघर असल्यामुळे सकाळचा मऊभात आपल्या हातचा असेल. बाहेर वाटलेल्या डाळीची भरलेली पातळ पोळी रस्सा-चटणीबरोबर ठिकठिकाणी मिळते, आणि रेवा ती खाईल. मात्र आई, वाडीतली शहाळी, केळी किंवा एखादे रोप बरोबर घेण्याचा विचार करू नकोस. ताजी फळे, झाडे आणि बियाणे परवान्याशिवाय त्या देशात नेता येत नाहीत.

आणि जे तुम्ही बोलला नाहीत त्याविषयी. लेकीच्या घरचा पैसा आईवडिलांनी आपल्या अंगावर खर्च होऊ देऊ नये असे तुम्हाला वाटते, आणि त्यामागची तुमची भावना मी जाणते. पण मला शिकायला चिपळूणला ठेवलेत त्या वर्षी तुम्ही झाडावरची सुपारी पावसाआधीच विकून टाकली होतीत, आणि आई, तुझ्या पाटल्या त्यानंतर मी कधी पाहिल्या नाहीत. तुमच्या तिकिटांचे पैसे मी माझ्या पगारातून बाजूला ठेवले आहेत. घरात यांना आणि सासूबाईंना मी सर्व सांगितले आहे, आणि तुम्हाला बरोबर घ्याच असा आग्रह आधी सासूबाईंनीच धरला. त्यांना लांबचा प्रवास झेपत नाही म्हणून त्या आपल्या लेकीकडे राहणार आहेत.

भारतीय नागरिकांना मॉरिशसला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण पासपोर्ट लागतो, आणि तो गणपतीच्या आधी अर्ज केला तर निवांत हातात येईल. ज्येष्ठांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना त्याच्या शुल्कात दहा टक्के सूट असते. आईच्या आधारकार्डावर जन्माचे फक्त वर्ष छापलेले आहे, पूर्ण तारीख नाही. ते पहिल्यांदा दुरुस्त करून घ्यावे लागेल. म्हणून दोघांची आधारकार्डे, मतदान ओळखपत्रे, बाबांचे पॅनकार्ड आणि आईचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन येत्या शनिवारी सकाळी निघा. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरा; मी गाडी घेऊन धक्क्यावर येते. पाऊस फार असेल आणि बोट बंद असेल तर रविवारी मीच हेदवीला येऊन कागद घेऊन जाईन.

आपली,
मनीषा