दिनकरच्या अमोलला पाठवायचं का?

कोल्हापूर,
शनिवार रात्र

प्रिय संभा,

जय हिंद. माझा गुडघा आहे तसाच, शुगर ताब्यात, हिचंही बरं चाललंय. आता मुद्द्याचं.

दिनकरचा अमोल सॅपर्समधून, म्हणजे आपल्या फौजेच्या इंजिनिअर दलातून, पेन्शन घेऊन आला हे तुला माहीत आहेच. आता त्याला परदेशात सुरुंग काढायच्या कामाला बोलावणं आलंय. पगाराचा आकडा ऐकून दिनकर मंगल कार्यालयं बघत फिरतोय. मला म्हणतो, "तुम्ही दोघांनी तेच तर केलंय, पाठवू ना?" आपण तेच केलेलं नाही, हे त्याला कसं पटवायचं? तुझ्याशिवाय हे कुणाला कळणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

खडकीत आपल्याला शिकवलं ते ब्रीचिंग. रात्रीतून रणगाड्यांना वाट काढून द्यायची, एखादा सुरुंग राहिला तर लढाईतला धोका म्हणून सोडायचा. ह्या कामात राहिलेल्या त्या एकावरच उद्या कुणाचं तरी पोर पाय देणार. दुसरी खात्रीची माहिती नसेल तर 13 सेंटिमीटर खोलीपर्यंत सगळी जमीन मोकळी करून द्यायची असते. अमोल हाताचा पक्का आहे, पण त्याला घाईची सवय आहे. ती सवय आपणच लावतो.

काम म्हणशील तर एक मीटरभर रुंदीची पट्टी. आधी तार आहे का चाचपायचं, मग गवत कापायचं, मग डिटेक्टर. आवाज आला की खूण करून मागच्या बाजूनं, तीसेक अंशाच्या कोनात प्रॉडर, म्हणजे टोचायची सळई, सरकवत यायचं, म्हणजे टोक सुरुंगाच्या कडेला लागतं, वरच्या चकतीवर दाब येत नाही. कड दिसली की हात थांबवायचा. उचलायचं नाही, शेजारी दारू लावून जागेवरच उडवायचा. इतकी वर्षं मातीत पडलेल्या पिनेचा काय भरवसा?

घोळ होतो तो खोदताना. बहुतेक आवाज खिळ्यांचे, काडतुसांचे, पत्र्याच्या तुकड्यांचे. दिवसभर नुसते खिळे निघाले की पुढचाही खिळाच वाटतो. त्यात घामानं वाफ धरते म्हणून पोरं व्हायझर, म्हणजे तोंडावरची संरक्षक काच, वर करतात. मग पाय शाबूत आणि डोळे गेले, असं होतं.

तू आता म्हणणार, डिटेक्टर गेला खड्ड्यात, प्रॉडरच खरा. ते भांडण परत काढू नकोस. पण एक मान्य. आपल्याकडच्या चौदा नंबरच्या (एम-14) सुरुंगात सगळं प्लास्टिक, दारू तीसेक ग्रॅम, धातू म्हणजे जेमतेम ती पिन. म्हणून तर सुरुंगांवरच्या 1996 च्या सुधारित आंतरराष्ट्रीय करारात अशा सुरुंगात निदान 8 ग्रॅम लोखंडाइतका आवाज देणारा धातू असलाच पाहिजे असं घातलं. आणि पन्हाळ्यावरच्या जांभ्यासारखी तांबडी माती असली की मशीन मातीलाच ओरडतं. मातीचा आवाज दाबायला गेलं की बारीक पिनेचाही दबतो. उत्तर श्रीलंकेत तर वाळूत तुकडे इतके, की कंटाळून लांब दांड्याच्या दाताळ्यांनी थर थर माती ओढत सुरुंग काढले. आपल्याकडचे निवृत्त सॅपरही तिथं काम करून आलेत.

हसू नकोस, पण ह्या धंद्यात सगळ्यात नाव काढलं ते एका उंदरानं. मगावा, आफ्रिकेतला, वजन सव्वा किलो, काम कंबोडियात. धातू नाही, थेट दारूचाच वास घ्यायचा. माणूस डिटेक्टरनं चार दिवस घालवेल एवढं टेनिस कोर्ट अर्ध्या तासात हुंगायचा. 2020 साली ब्रिटनमधल्या संस्थेनं त्याला सुवर्णपदक दिलं. तुझी सुभेदारी किती वर्षं अडली होती रे?

दिनकरला मी ऑपरेशन पराक्रमची, 2001-02 साली पाकिस्तानच्या सीमेवर सुरुंग पेरले त्याची, आठवण दिली. सुरुंग आपले, नकाशे आपले, तरी काढताना आपली माणसं गेलीच. पावसानं सरकतात, वाळूखाली जातात. अमोल जाईल तिथं नकाशा असेलच असं नाही.

जखमेचं मात्र त्याच्या आईसमोर बोललो नाही. तीस ग्रॅमला पाऊल जातं. रशियन पीएमएन सुरुंगात 240 ग्रॅम, तिथं मांडीपर्यंत आणि दुसऱ्या पायालाही. माती, बुटाचे तुकडे, हाड सगळं मांसात वर घुसतं, म्हणून दिसतं त्याच्या वरून कापावं लागतं आणि जखम लगेच शिवत नाहीत, काही दिवस उघडी ठेवतात. फौजीला पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, कंत्राटाच्या माणसाला कोण? आणि जिथं सुरुंग आहेत तिथल्या शेतकऱ्याच्या पोराला तर वाढत्या वयात दर सहा महिन्यांनी पाय बदलावा लागतो.

म्हणून काम वाईट असं मी म्हणत नाही. कुणीतरी केलंच पाहिजे, आणि अमोलसारख्यानंच. पण सही करायच्या आधी त्यानं विचारावं: देश कुठला (अजून सांगत नाहीत, इथंच माझी पाल चुकचुकली), जमिनीत कुठले सुरुंग, पैसे महिन्याला की मीटरमागे, साइटवर डॉक्टर आणि गाडी असते का, ऑपरेशनचं हॉस्पिटल किती तासांवर, पाय गेला तर विमा किती आणि तो लेखी आहे का. मीटरमागे पैसे म्हणाले तर तिथूनच परत फिरायचं. आणि नव्यानं ट्रेनिंग देत नसतील, "तुम्ही फौजी, तुम्हाला काय शिकवायचं" म्हणत असतील, तर ती कंपनी नकोच.

तुझ्या उसाचं बिल आलं का? सूनबाईंची बदली झाली म्हणे, बरं झालं. वहिनींना नमस्कार.

पुढच्या रविवारी दिनकर उत्तर मागायला येणार. तू शनिवारीच ये. माझं बोलणं अमोलला म्हाताऱ्याची भीती वाटते. तू त्याचा ट्रेनिंगमधला उस्ताद होतास, तू दम दिलास तर कागद दाखवेल.

तुझा,
बाबू